कानात बोललेलं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून होतो, त्यांनाही नाही. ज्या एका कुस्तीमुळं गावात माझं नाव झालं, ज्या नावावर पुढं मला शहरातल्या शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली, ज्या कुस्तीचा फोटो अजून माझ्या घरात सोफ्याच्या वर टांगलेला आहे, ती कुस्ती मी जिंकलेलीच नाही. ती मला कडुबानं दिली. मी मागितली आणि त्यानं दिली. त्यापायी ‘कुस्ती विकणारा’ म्हणून तो तालमीतून गेला, गावातून उठला, आणि मी शेजारी उभा राहून डोक्यावरचा फेटा सावरत होतो... कडुबाला जाऊन आता दीडेक महिना होईल. त्याच्या तोंडावर जे बोलता आलं नाही ते तो गेल्यावर लिहिणं सोपं आहे, हे मला कळतं. तरी लिहितो.

त्याच्या मुलीचा, ज्योतीचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होतो. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या आणि मी पोरांवर ओरडत होतो, “पडायला घाबरू नका, आधी पडायला शिका!” हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वापरतो. ते कडुबाचं आहे. “काका, पप्पा गेले,” ज्योती म्हणाली, आणि मी “हो” म्हणालो. हो काय म्हणायचं असतं का अशा वेळी? पण तेवढंच निघालं. पोरांना पाणी प्यायला सोडलं आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. रडू आलं नाही. पहिला विचार जो आला तो लपवावासा वाटतो, पण आता कबूलच करायचं म्हटल्यावर अर्धं ठेवून काय उपयोग. पहिला विचार असा आला की ती गोष्ट माहीत असलेला आता मी एकटाच उरलो. आणि त्या विचारात थोडी सुटका होती.

कडुबा राहायचा बजाजनगरात, दोन खोल्यांच्या घरात. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. आयुष्य तिथं काढलं. पाळीवरून आला की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायचा आणि परदेशातली ती कुस्ती लावायचा... दोरांच्या चौकोनातली, रंगीत चड्ड्यांची, आतषबाजी आणि बाजा लावून येणाऱ्या पैलवानांची. ज्या माणसाचे दोन्ही कान खऱ्या मातीत घासून घासून फुगलेले, मोडलेले, त्यानं हे बघावं याचं शेजाऱ्यांना हसू यायचं. लता वहिनी तर पाहुण्यांसमोर म्हणायच्या, “आमच्या घरात लेकरू एकच, ते बी टीव्हीपुढं बसलंय बघा.” कडुबा हसायचा आणि बघत राहायचा. आवाज मात्र बंद. त्याच्या घरात ती कुस्ती कायम मुकी चालायची. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “ते बोलणारे लई गलका करत्यात. लग्नात बँड लई जोरात वाजायला लागला की समजायचं, जेवणात कायतरी कमी हाय. तू त्यांच्या हाताकडं बघ, तोंडाकडं बघ. सगळं कळतंय.”

आणि खरंच त्याला सगळं कळायचं. त्या पैलवानांची इंग्रजी नावं त्याला पाठ होती, पण घरात ती चालत नसत. त्याची त्याची नावं ठेवलेली होती. एक होता जावई: वर्षानुवर्षं विजेतेपदाचा पट्टा त्याच्याच कमरेला, येताना धूर, बाजा, मानपान सगळं, आणि कुस्ती मात्र महिन्यातून एखादी. “जावई चार दिवस बरा,” कडुबा म्हणायचा, “कायमचा ऱ्हायला आला तर त्याला ताट कोण वाढील? पट्टा काढून घ्या म्हणावं त्याचा, लोक कंटाळले.” एक सुतार होता, त्याला टेबल मोडल्याशिवाय कुस्ती येत नसे. शिड्या आणून त्यावरून उड्या मारायच्या कुस्त्या कडुबाला अजिबात पसंत नव्हत्या. “शिडी कशाला? भिंतीला चुना लावायचाय का?” सगळ्यात जास्त तो चिडायचा ते एकाच डावावर चार-चारदा उठून बसणाऱ्यांवर. “ज्या डावानं काल माणूस मेल्यागत पडला, त्याच डावातून आज तीनदा उठला! मग डावाची इज्जत काय राहिली? उद्या म्हातारी माणसं उठून बसतील तसल्या डावातून.” पोरींच्या कुस्त्या ज्योतीला शेजारी बसवून बघायचा आणि तिला सांगायचा, “पोरी जास्त मन लावून पडत्यात बघ. पोरांना पडायची लाज वाटती.”

त्याचा लाडका होता तो हमाल. वय झालेला, पोट सुटलेला, दर आठवड्याला हरणारा पैलवान. कुणी नवा पोरगा पुढं आणायचा असला की त्याला हमालासमोर उभा करायचे आणि हमाल त्याच्याकडून असा मार खायचा की लोकांना पोरगा दहा हत्तींच्या बळाचा वाटायचा. “उचलणाऱ्याकडं नको बघू,” कडुबा मला म्हणायचा, “उचलून घेणाऱ्याकडं बघ. ही उडी कुणी मारली? त्यानंच. पोरात कुठं एवढी ताकद हाय! आपलं वजन आपणच त्याच्या खांद्यावर टाकायचं आणि वर तोंड कसं करायचं, तर मेलो, मेलो! ह्याला कुस्ती म्हणत्यात, भगवान. जिंकायला काय लागतंय...” मी मान हलवायचो. खिडकीतून बाहेर बघायचो.

बाप-लेकीचा एक खेळ होता, ज्योती लहान असल्यापासूनचा. त्या कुस्तीत दोघं एकमेकांना मिठी घालून थांबतात, मान मानेत अडकलेली असते, तेव्हा पुढचा डाव कोणता ते हळूच कानात सांगतात. चेहरा केसांत लपवून, ओठ न हलवल्यासारखं करून. कडुबाला ते बरोबर दिसायचं. “बोलला, बोलला!” तो बोट दाखवायचा. ज्योती विचारायची, “काय म्हणाला पप्पा?” आणि कडुबा गंभीर तोंडानं सांगायचा, “म्हणला, हळू धर, गुडघा दुखायलाय.” नाहीतर, “म्हणला, सकाळच्याला काय खाल्लंस रे, लसणाचा वास यायलाय.” ज्योती हसून लोळायची. पुढं ती शिकली, वाळूजमध्येच एका लॅबमध्ये कामाला लागली, तरी सुट्टीच्या दिवशी हा खेळ चालूच होता. मी समोरच्या खुर्चीवर बसून हसायचो. त्या प्रत्येक ‘बोलला, बोलला’ला माझे कान तापायचे, हे दोघांपैकी एकाला ठाऊक होतं.

कारण असंच कानात बोलून मी ती कुस्ती घेतली होती.

आमचं गाव गंगापूरकडचं. माझे वडील, आबा, गावच्या तालमीचे वस्ताद. मी वस्तादाचा पोरगा आणि पाठीनं मऊ, म्हणजे लगेच चीत होणारा. हे बोलणं माझ्या पाठीमागं चालायचं आणि कधीकधी तोंडावरही. कडुबा आबांचा पठ्ठ्या. तो गावातल्या भीमनगरातला, त्या वस्तीतून तालमीत आलेला एकटाच. आबांनी त्याला घेतलं म्हणून आजूबाजूच्या गावांत आबांचं कौतुक झालं होतं, आणि ते कौतुक आबांना आवडायचं. पण प्रेमही होतं, ते नाकारता येणार नाही. हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीच्या आखाड्यात, आबा त्याच्याशी स्वतः झटायचे. माझ्याशी ते कधी झटले नाहीत. कडुबा आणि मी जोडीनं मेहनत करायचो, जोडीनं उसाच्या फडात शिरायचो, आणि रोज तो मला चीत करायचा. चीत करून हात धरून उठवायचा आणि माझ्या पाठीची माती झाडायचा. हे त्याचं ठरलेलं.

त्या वर्षी यात्रेत कुस्त्यांच्या वेळी ज्या मुलीशी माझं लग्न ठरण्याच्या बेतात होतं, तिच्या घरची माणसं आली होती. पंचांच्या मांडवात, सावलीत, मानानं बसवलेली. शेवटच्या कुस्तीसाठी बाहेरगावचा पैलवान यायचा होता, तो आलाच नाही. हलगी वाजत राहिली, लोक ओरडायला लागले, आणि कुणीतरी पंचांच्या कानाशी लागलं: वस्तादाचा पोरगा आणि वस्तादाचा पठ्ठ्या, लावा जोड. एकाच तालमीतल्या दोघांची जोड सहसा लावत नाहीत. पण सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या आणि आबा नाही म्हणू शकले नाहीत. मीही नाही. मांडवातून माणसं बघत होती.

कडुबानं मला थोडा वेळ खेळवलं. मला वाटतं, माझी अब्रू राहावी म्हणूनच त्यानं लगेच पाडलं नाही. मग खाली घेतलं. मी पोटावर, तो वर, त्याचा डावा हात माझ्या छातीखालून घट्ट आवळलेला, आणि त्याचा कान माझ्या तोंडाजवळ. आता वळवणार, पाठ लागणार, हे मला कळलं. मी आधी काही ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण माझ्याकडून निघून गेलं, “कडुबा, माझी लाज राख.”

एक श्वास. तेवढाच वेळ तो थांबला. मग त्याची पकड अशी सैल झाली की मलाही क्षणभर कळलं नाही. मी उसळी घेतली आणि तो माझ्या अंगावरून असा गेला, असा गेला... त्याचे पाय आभाळात आणि पाठ मातीत. थाप ऐकू आली. मैदान उठून उभं राहिलं. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गावातल्या एकमेव फोटोवाल्यानं फोटो काढला. त्या फोटोत मागं, खाली, एक हात दिसतो. मातीतून उठताना टेकलेला. तो कडुबाचा.

हजारभर माणसांना काही कळलं नाही. एकाला कळलं. दिवेलागणीला तालमीत आबांनी कडुबाला समोर उभं केलं. मी दाराशी होतो, डोक्यावर फेटा तसाच. आबांनी ओरडून नाही, हळू विचारलं, “तुझा डावा हात सुटला कसा?”

“सुटला, आबा.”

“सुटला का सोडलास?”

आबांनी माझ्याकडं बघितलं. “तू खाली व्हतास. तू सांग. सुटला का सोडला?”

मी म्हणालो, “सुटला, आबा. मी झटका दिला.”

त्या वेळी कडुबानं माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. हौद्यात नवा पोरगा चुकीचा पाय टाकतो तेव्हा तो जसा बघायचा, तसं. आबा त्याला म्हणाले, “नुरा खेळलास तू. माझ्या मातीत नुरा. कुणी सांगितलं? कुणाचं खाल्लंस?” नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, पैलवानाला याहून घाण शिवी नाही. कडुबानं कपडे उचलले, नेहमीप्रमाणं वाकून हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायला हात खाली नेला, आणि आबा म्हणाले, “ती ठिव. ती पण ठिव.” त्यानं हात झाडला आणि तो माझ्या बाजूनं बाहेर गेला. दार अरुंद होतं. मला सरकावं लागलं. मी सरकलो.

दुसऱ्या दिवशी गावात झालं: कडुबानं कुस्ती विकली. कुणाला विकली, कशाला विकली, कुणी विचारलं नाही. वस्तादानं एवढं जवळ केलं आणि हा असा निघाला, असं पारावर बोलणं चालू झालं, आणि त्या ‘हा असा’मध्ये त्याची वस्ती, त्याची जात सगळं आलं होतं. तो आमच्या आळीतला असता तर गावानं इतक्या लवकर विश्वास ठेवला असता का? याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. आबांना खरं काय ते कळलं होतं का, हा प्रश्न मात्र मी पुष्कळ वर्षं टाळला. आता वाटतं, कळलं होतं. दोघांपैकी एकालाच ठेवता येणार होतं, त्यांनी पोरगा ठेवला. मात्र त्यानंतर त्यांनी त्या कुस्तीचं नाव कधी काढलं नाही. माझ्या लग्नात कुणी काढलं तेव्हा उठून गेले. हो, लग्न झालं. त्याच मांडवातल्या माणसांच्या मुलीशी.

कडुबा त्याच पावसाळ्यात जीपमध्ये बसून वाळूजला गेला आणि कंपनीत लागला. मी पुढं शिकून शहरात शिक्षक झालो. काही वर्षांनी बाजारात अचानक समोर आला. मी तोंड फिरवणार तोच हाक आली, “काय पैलवान, वळखलं नाय व्हय?” घरी घेऊन गेला, जेवू घातलं. त्यानंतर मी त्याच्याकडं जायला लागलो, रविवारी, सुट्टीला. लोकांना ती बालमैत्री वाटायची. मी का जायचो? मैत्री होतीच... पण दर वेळी उंबरा ओलांडताना लता वहिनींचा चेहरा आधी बघायचो. यानं सांगितलंय का? आज सांगेल का? त्यानं कधीच सांगितलं नाही. मी पाळत ठेवायला जायचो आणि तो मला चहा द्यायचा.

याच्यावरही ताण करणारी गोष्ट मी केली. ज्योती डिप्लोमा पास झाली तेव्हा घरात दहा-बारा माणसं जमली होती, कंपनीतली, शेजारची. टीव्ही नेहमीसारखा मुका चालू होता. कुणीतरी मला म्हणालं, “सर, तुम्ही मैदान गाजवलेले पैलवान. तुम्हीच सांगा ह्यांना, ह्यात काय खरं असतं?” सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला ते आवडलं. मी म्हणालो, “नुरा आहे सगळी. ज्याला खरी कुस्ती झेपत नाही, तो असली नुरा बघत बसतो.” शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं मी कोणता शब्द वापरलाय. जगात इतके शब्द असताना. लता वहिनी ट्रे घेऊन दारातच थांबल्या. नवऱ्यानं गाव का सोडलं, याबद्दल गावाकडून त्यांच्या कानावर आलेलं असणारच. कडुबानं स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, “ठरलेली हाय, सर. खोटी नाय. पाठ तर खरीच आपटती की. अन् लगीन बी ठरवूनच करत्यात, तुमचं काय खोटं झालं का?” घरभर हशा झाला. माझी बायकोही हसली. कडुबानं माझ्यापुढं पेढ्यांची बशी केली. चारचौघांत तो मला सर म्हणायचा, एकटे असलो की भगवान. त्या दिवशी सगळे गेल्यावरही सर म्हणाला.

एकदा टीव्हीवरच्या त्या कुस्तीत दोन जिवलग जोडीदारांपैकी एकानं दुसऱ्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली. आठवडाभर त्याचीच चर्चा. मला वाटलं कडुबाला ते आवडलं असेल, पण तो वैतागला होता. “चुकवलं त्यांनी. दगा द्यायला वेळ द्यावा लागतो. आधी ताटाला ताट लावून जेवू दे. नजर चुकवू दे थोडी. मंग घाला खुर्ची.” थोड्या वेळानं म्हणाला, “अन् खुर्ची घातल्यावर त्याला लगेच हसायला लावलं. ते तर साफ चुकलं. दगा दिलेला माणूस हसत नाय. गप ऱ्हातो. लई दिवस गप ऱ्हातो. त्याला वाटतंय, समोरच्यानं तोंडात मारावी एकदा, म्हंजी सुटलो.” मी विचारलं, “मग समोरच्यानं मारावी का?” तो म्हणाला, “छ्या! मारली की गोष्ट संपली. मंग दोघांना एकमेकांकडं जायला कारण काय उरलं?” हे तो माझ्याबद्दल बोलत होता की त्या पैलवानांबद्दल, मला आजही सांगता येत नाही. त्याच्या बोलण्यातली ही एकच जागा अशी आहे की ती आठवली की झोपेतून उठून बसतो.

शेवटी त्याचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, काम सुटलं, पलंग टीव्हीसमोर आणून ठेवला. मी शेवटचा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या विजेत्याची निरोपाची कुस्ती चालू होती. असल्या कुस्तीबद्दल कडुबाचं मत पक्कं होतं: जाणाऱ्यानं पाठ लावून जायचं. आपली सगळी ताकद मागं राहणाऱ्याला देऊन जायची. जिंकून जाणाऱ्या म्हाताऱ्यांवर त्याचा फार राग. मागं एक जण तसा जिंकून गेला तर हा दोन दिवस जेवणावर चिडचिड करत होता. त्या दिवशी म्हातारा आणि समोरचा तरणा पोरगा मिठीत अडकले. कडुबाचं बोट उशीवरून अर्धं वर आलं. ज्योतीला दिसलं. ती पलंगाच्या कडेला बसून संत्रं सोलत होती. “बोलला ना? काय म्हणाला पप्पा?”

कडुबा टीव्हीकडंच बघत होता. हळू आवाजात म्हणाला, “लाज राख म्हणला.”

“मग? राखली का?”

“बघ की. पडलाच.”

म्हातारा खरंच पडला होता. पंचाची तिसरी थाप पडून गेली होती. ज्योतीनं टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो. गाडी बाहेर आडवी लावलीय, लोक शिव्या देत असतील, असं काहीतरी बोललो. कडुबानं मान वळवली आणि म्हणाला, “बस की, भगवान. चहा टाकलाय.” भगवान म्हणाला, सर नाही. मी बसलो नाही. इतक्या वर्षांत त्यानं एकदाच दार उघडलं होतं, मुलगी समोर असताना, हसत, म्हणजे माझी अडचण होऊ नये अशा बेतानं. ‘बस’ म्हणून पुढचा डाव कोणता तेही सांगितलं होतं. मला फक्त तो उचलायचा होता. मी गाडीला किक मारून पार वाळूजजवळच्या पंढरपूरच्या तिठ्यापर्यंत आलो, तिथं कडेला उभा राहिलो, आणि मग घरी गेलो.

यानंतरही एक संधी होती. त्याच्या जलदान विधीला विहाराच्या अंगणात मंडप घातला होता. वंदना झाली, मग रीतीप्रमाणं लोक उठून त्याच्याबद्दल बोलायला लागले. कंपनीतले बोलले, शेजारचे बोलले. गावाकडून एक म्हातारे गृहस्थ आले होते, तेही माईकसमोर गेले. “लई दांडगा गडी,” ते म्हणाले, “मी डोळ्यानं बघितलाय. तेवढी एक कुस्ती विकली नसती तर लई लांब गेला असता. पण झालं गेलं... मनानं सोनं होता.” मनात काही नव्हतं त्यांच्या. प्रेमानंच बोलले. पण पहिल्या रांगेत ज्योतीची मान खाली गेली आणि ती ओढणीचा काठ बोटाला गुंडाळायला लागली, लहान असताना फ्रॉकचा गुंडाळायची तसा. आणि निवेदकानं नाव पुकारलं ते माझं. त्यांचे बालमित्र, नामांकित पैलवान... मी गेलो. माईक हातात घेतला. तो थोडा कुंई करून वाजला. समोर ते म्हातारे होते, ज्योती होती, लता वहिनी होत्या, माझी बायको होती. मी म्हणालो, “एका चांगल्या मित्राला मी मुकलो. खिलाडूवृत्तीचा माणूस होता. जय भीम.” आणि खाली उतरलो.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. का गेलो ते माहीत नाही; पाळत ठेवायला तर आता कुणी नव्हतं. पलंग परत आतल्या खोलीत नेला आहे. टीव्हीसमोर ती जागा मोकळी आहे आणि फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग आहेत. लता वहिनींनी टीव्ही लावला, एकदम आवाज भरला, आणि ज्योतीनं बोलता बोलता रिमोट घेऊन आवाज बंद केला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. कुस्ती लागली होती. हमाल होता, आणखी जाडा झालेला, आणि समोर कुणी नवं पोरगं. आम्ही तिघं बघत राहिलो. मग त्यांनी मिठी घातली, हमालाची मान त्या पोराच्या मानेत गेली, आणि ज्योती सवयीनं बाजूला वळली. बाजूला मी होतो. “काका, काय म्हणाला असेल हो? तुम्हाला कळत असेल ना? तुम्ही तर खेळलात.”

“नाही कळलं, बेटा,” मी म्हणालो.

ती हसली आणि म्हणाली, “पप्पांनाच कळायचं.”

हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येईल तो त्यांच्या घरी येत नाही. गावात येतो, पण पुरवणी कोण वाचतं. तेव्हा हे छापून आलं म्हणजे मी मोकळा झालो, असं मी मानत नाही. सोफ्याच्या वरचा फोटो अजून तिथंच आहे. तो काढला तर बायको ‘का?’ म्हणून विचारेल, म्हणून काढलेला नाही. आता तिला इथंच कळेल. कडुबानं कुस्ती विकली नव्हती. मी ती त्याच्याकडं मागितली होती आणि वस्तादासमोर खोटं बोललो होतो. हे मला ज्योतीसमोर बसून, त्या मुक्या टीव्हीसमोर, चहा संपेपर्यंत न उठता सांगायचं आहे. आणि मग यात्रेत, हलगी थांबवून, त्याच मैदानात उभं राहून सांगायचं आहे. त्याच्या कानात जे बोललो ते मोठ्यानं बोलायचं अजून राहिलं आहे. तेवढं मी त्याचं देणं लागतो.